सायकलचं चाक: इंग्रजी शब्दाचं कूळ शोधायचं कसं

'सायकलचं चाक' असं आपण म्हणतो तेव्हा एकच जुना शब्द दोन वेषांत लागोपाठ उच्चारत असतो. 'चाक' हा संस्कृत 'चक्र'मधून प्राकृतमार्गे मराठीत उतरला. 'सायकल' ग्रीक 'क्युक्लोस'पासून निघून लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा फेरा मारून इथे आली. इंग्रजीचा घरचा शब्द 'व्हील' हाही त्यांचाच भाऊबंद. 'चाक' आणि 'व्हील' यांत एकही व्यंजन जुळत नाही, तरी नातं पक्कं. उलट फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' ऐकायला जवळजवळ एक, अर्थही एकच, आणि नात्याच्या नावाने शून्य.

हे ठरवण्याची एक रीत आहे आणि ती घरबसल्या शिकता येते. लॅटिन-ग्रीक यायलाच हवं असं नाही. थोडी चिकाटी हवी आणि दोन शब्द सारखे दिसले की लगेच हुरळून न जाण्याची सवय हवी. मराठी वाचकाला तर यात आयतं भांडवल आहे, कारण शाळेत तत्सम-तद्भव शिकताना आपण या कामाची निम्मी वाट चाललेलो असतो.

आधी ठरवा: वारशाचा की उसना

'हस्त' आणि 'हात' दोन्ही मराठीत आहेत. 'हात' पिढ्यानपिढ्या बोलण्यातून झिजत आला, तो तद्भव. 'हस्त' पोथीतून जसाच्या तसा उचलला, तो तत्सम. इंग्रजी शब्द हाती घेतला की हाच प्रश्न पहिल्यांदा विचारायचा. तो ओल्ड इंग्लिशपासून तोंडी वारशाने आला, की मध्येच कुणाकडून तरी घेतला?

त्यासाठी इंग्रजीचा इतिहास ढोबळ माहीत असला तरी पुरे. पाचव्या शतकाच्या सुमारास उत्तर जर्मनी-डेन्मार्ककडच्या अँगल, सॅक्सन वगैरे टोळ्या ब्रिटनमध्ये आल्या. त्यांची बोली म्हणजे ओल्ड इंग्लिश. आठव्या शतकाच्या अखेरीपासून व्हायकिंग आले आणि त्यांची नॉर्स भाषा मिसळली. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली आणि पुढची काही शतकं दरबार, कायदा, खानदानी स्वयंपाक यांचा कारभार फ्रेंचमध्ये चालला. त्यानंतर विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्दांची पोतीच्या पोती उतरवली. सतराव्या शतकापासून व्यापारी आणि साम्राज्य यांच्यामागून जगभरचे शब्द आले, त्यात आपल्याकडचेही.

कोश उघडण्यापूर्वी एक अंदाज बांधून ठेवावा. नाती, शरीराचे अवयव, लहान आकडे, 'ये-जा-खा-दे' छापाची क्रियापदं बहुतेक वारशाची असतात. शब्दात 'स्क' असेल आणि शब्द रोजच्या वापरातला असेल, तर नॉर्सचा संशय घ्यावा, कारण ओल्ड इंग्लिशमधल्या 'स्क'चा पुढे 'श' झाला. 'शर्ट' घरचा आणि 'स्कर्ट' नॉर्स. मुळात दोन्ही एकच कपडा. फ्रेंच शब्दांवर तर कधी आले त्याचा जणू शिक्का असतो. 'चीफ' साधारण १३०० च्या सुमारास आला, तेव्हा फ्रेंचमध्ये 'च' होता. 'शेफ' एकोणिसाव्या शतकात आला, तोवर फ्रेंचांचा 'च' जाऊन 'श' झाला होता. शब्द एकच, 'डोकं' या अर्थाच्या लॅटिन 'कापुत'पासूनचा.

असा शिक्का मराठीतही ऐकू येतो. 'चक्र' म्हणताना 'च' चंद्रातला आणि 'चाक' म्हणताना 'च' चमच्यातला. तत्सम शब्दाने तालव्य उच्चार टिकवला, तद्भवाने दंततालव्य घेतला. दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा.

अंदाज हा अंदाजच. तो खोडायच्या तयारीनेच पुढे जायचं.

सर्वांत जुनं लिखित रूप शोधा

आजचं स्पेलिंग हा फार बेभरवशाचा साक्षीदार आहे. 'आयलंड'मधला न उच्चारला जाणारा 'एस' मुळात नव्हताच. ओल्ड इंग्लिशमध्ये शब्द साधारण 'ईएगलंड' असा होता. पुढे फ्रेंचवरून आलेल्या, बेट याच अर्थाच्या 'आइल'शी नातं असेल असं समजून कुणीतरी 'एस' घुसवला आणि तो कायम झाला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी'ही असाच. फ्रेंच 'देत'मध्ये तो नव्हता. लॅटिन 'देबितुम' आठवून पंडितांनी बसवला. अशा अक्षरांवर तर्काचे इमले उभे राहिलेले पाहिले की वाईट वाटतं.

म्हणून शब्द मागे मागे न्यायचा. ऑनलाइन सुरुवात करायला दोन फुकट ठिकाणं सोयीची: डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं एटिमॉनलाइन आणि विक्शनरी. पहिलं नेटकं आणि बऱ्यापैकी सावध आहे. दुसऱ्यात पसारा मोठा, एका शब्दाची इतर भाषांतली भावंडं तिथे पटकन मिळतात, पण नोंदीची प्रत लिहिणाऱ्यावर अवलंबून. शेवटचा शब्द मात्र ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा धरावा. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. प्रत्येक अर्थाखाली तारीखवार उतारे देणं हे तिचं वैशिष्ट्य. तिला वर्गणी लागते. पण विद्यापीठाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयाच्या सभासदत्वातून ती बऱ्याचदा वापरता येते, चौकशी करावी.

या तिघांच्या पलीकडे जायचं तर मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश (नॉर्मन राजवटीनंतरच्या काही शतकांतली इंग्रजी) कोश आणि ओल्ड इंग्लिशसाठी बॉसवर्थ-टॉलर हे दोन्ही इंटरनेटवर खुले आहेत. शब्द भारताच्या दिशेने वळला की शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा मराठी कोश, टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आणि यूल-बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश एकाच ठिकाणी सापडतात. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश घरात असेल तर उत्तमच.

नोंद वाचताना तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा. पहिली तारीख. ती लिखाणातल्या पहिल्या सापडलेल्या वापराची असते, जन्मतारीख नव्हे. बोलण्यात शब्द त्याआधीही असणारच. दुसरी खूण म्हणजे शब्दाच्या डोक्यावरचं फूल, *. ते असलं की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, नात्यातल्या भाषा ताडून पंडितांनी ते बांधलं आहे, असं समजावं. आणि तिसरी, जिथे सगळ्यांत जास्त घसरगुंडी होते: 'फ्रॉम' आणि 'कॉग्नेट विथ' यांतला फरक. 'फ्रॉम' म्हणजे त्यातून आलेला, वंशज. 'कॉग्नेट विथ' म्हणजे त्याच मुळाचा भाऊबंद. नोंदीत 'संस्कृत द्वार' दिसलं म्हणजे 'डोअर' संस्कृतातून आला, असं होत नाही. बहुतेक वेळा तिथे भाऊबंदांची यादी चाललेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' छापाचे मजकूर या एका चुकीवर उभे असतात. जुळणी दाखवतात ती पुष्कळदा खरी असते, निष्कर्ष तेवढा चुकतो.

ध्वनींचा हिशेब

शब्द वारशाचा निघाला, तर त्याला इंग्रजीच्या मागे प्रोटो-जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांची समाईक मूळ भाषा) आणि तिच्या मागे प्रोटो-इंडो-युरोपियनपर्यंत नेता येतं. ही शेवटची भाषा सुमारे पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी; तिचं एक अक्षरही लिहिलेलं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलीच नसेल, हा विचार विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे मांडला होता.

या भाऊबंदकीची पारख ध्वनींच्या नियमांवर होते. मराठीत संस्कृत जोडाक्षराचं प्राकृतात द्वित्त होतं, मग द्वित्त सुटतं आणि आधीचा स्वर दीर्घ होतो: सप्त-सत्त-सात, कर्म-कम्म-काम, हस्त-हत्थ-हात, चक्र-चक्क-चाक. एकदा ही चाल कळली की 'दुग्ध'चं काय होईल हे आधीच सांगता येतं. शब्दामागून शब्द तीच चाल चालतात म्हणून तर नात्यावर विश्वास ठेवायचा.

जर्मॅनिक भाषांची अशी चाल याकोब ग्रिमने १८२२ मध्ये सूत्रात मांडली. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी हाच तो. संस्कृत येणाऱ्याला ती पटकन पाठ होते. मूळच्या प, त, क यांचे इंग्रजीत फ, थ, ह होतात: पाद-फुट, त्रि-थ्री. ब, द, ग यांचे प, ट, क: दश-टेन, द्वि-टू, गो-काउ, युग-योक. भ, ध, घ यांचे ब, ड, ग: भ्रातृ-ब्रदर, विधवा-विडो. 'ज्ञा' आणि 'नो' ही जोडी बघा. इंग्रजी 'नो'च्या सुरुवातीला लिहितात पण उच्चारत नाहीत तो 'के' म्हणजेच मूळच्या 'ग'चा 'क'. सतराव्या शतकापर्यंत तो उच्चारलाही जात असे. 'नी' म्हणजे गुडघा आणि 'जानु' यांचंही तेच.

या सूत्राचा रोजच्या कामात आणखी एक उपयोग होतो. पितृ, दन्त, पाद, दश यांना समांतर इंग्रजीत दोन-दोन शब्द सापडतात. फादर, टूथ, फुट, टेन यांचं व्यंजन बदललं आहे, ते घरचे. पॅटर्नल, डेंटल, पेडल, डेसिमल यांचं मूळ व्यंजन शाबूत आहे, म्हणजे हा बदल होऊन गेल्यावर ते लॅटिनमधून बाहेरून आले. वारसा की उसनवार, हा पहिला प्रश्न इथे पुराव्यानिशी सुटतो.

आता 'डोअर'. सूत्राप्रमाणे संस्कृत 'द'ला इंग्रजीत 'ट' हवा. 'डोअर' जर 'द्वार'शी सरळ जुळत असता, तर 'टोअर' व्हायला हवा होता. मग काय बिघडलं? ग्रीकमध्ये दाराला 'थ्युरा' म्हणतात आणि ग्रीक 'थ' मूळच्या 'ध'चा असतो. म्हणजे मूळ शब्दात 'ध' होता, इंग्रजीचा 'ड' बिनचूक आहे आणि वाकडी वाट संस्कृतने धरली आहे. 'द्वि'च्या प्रभावाने, दाराला दोन फळ्या असतात म्हणून, 'ध्व'चा 'द्व' झाला असावा असं मानतात. अपवाद दिसला की हात झटकायचे नाहीत, कारण शोधायचं. कारण सापडत नसेल तर नातं कच्चं धरायचं.

अपवादांपैकी सर्वांत देखणा अपवाद सोडवला डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरने. त्याचा लेख १८७७ मध्ये छापला गेला. 'पितृ', 'मातृ', 'भ्रातृ' तिन्हींत 'त' आहे, तर जुन्या इंग्रजीत तिन्हींत 'थ' हवा. पण ओल्ड इंग्लिशमध्ये भावाच्या शब्दात 'थ' आणि आई-वडिलांच्या शब्दांत 'द' आहे: 'ब्रोथोर', पण 'मोदोर' आणि 'फॅदर', ज्यातला 'द' दगडातला. व्हेर्नरने वैदिक स्वर पाहिले. वेदात 'भ्राता'चा उदात्त, म्हणजे आघात, पहिल्या अक्षरावर आहे. 'पिता' आणि 'माता' यांचा शेवटच्या अक्षरावर. आघात व्यंजनाच्या आधी असेल तर 'थ' राहतो, नंतर असेल तर तो मऊ पडून 'द' होतो. वेदपाठकांनी स्वर काटेकोर सांभाळले म्हणून इंग्रजीच्या व्यंजनाचं कोडं सुटलं! पुढे मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीत असा 'द' पुन्हा 'थ'सारखा झाला आणि आज तिन्ही शब्द एकसारखे दिसतात. आजच्या स्पेलिंगवरून हा सगळा इतिहास कुणालाही दिसला नसता.

'व्हील' शेवटपर्यंत

आता एक शब्द मुळापर्यंत नेऊन बघू. 'व्हील', ओल्ड इंग्लिशमध्ये 'ह्वेओल'. स्पेलिंगमधला 'एच' आज 'डब्ल्यू'च्या नंतर लिहितात, तेव्हा तो 'डब्ल्यू'च्या आधी होता आणि उच्चारलाही जात होता. जर्मॅनिक कुळातला दुसरा साक्षीदार जुन्या नॉर्समधला 'ह्योल'. कुळाचा शब्द पंडित *ह्वेह्वलाझ असा बांधतात. ग्रिमच्या सूत्राने 'ह्व' उलटा फिरवला की 'क्व' मिळतो, म्हणून मूळ रूप *क्वेक्वलोस. यात एकच अक्षर दोनदा आलं आहे. धातू *क्वेल म्हणजे फिरणं. तोच संस्कृतात 'चर्' झाला. 'गरगर', 'भिरभिर' म्हणताना आपण करतो तशीच द्विरुक्ती.

संस्कृतात मूळच्या 'क्व'चा साधा 'क' होतो, पण पुढे 'ए' आला तर त्याचा 'च' होतो. *क्वेक्वलोसमध्ये पहिल्या 'क्व'पुढे 'ए' आहे, म्हणून 'च'. दुसऱ्यापुढे 'ल' आहे, म्हणून 'क' राहिला. 'ल'चा 'र' झाला. शेवटी मूळच्या ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ'चा संस्कृतात सरसकट 'अ' झाला, आणि उरलं 'चक्र'. एकाच शब्दात एकाच ध्वनीचे दोन निकाल शेजारी शेजारी बसलेले आहेत.

यातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. 'च' होण्यासाठी तिथे आधी 'ए' असायला हवा. संस्कृतात तो पुसला गेला, पण जाताना खूण ठेवून गेला. ग्रीक आणि लॅटिनने जुने ए-ओ राखले आहेत. संस्कृतातून ते निघाले असते, तर पुसलेला स्वर त्यांनी नेमका त्याच जागी परत कुठून आणला असता? १८७० च्या दशकात हा मुद्दा अनेक अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच वेळी लक्षात आला आणि संस्कृत ही जननी की थोरली बहीण, हा वाद भाषाशास्त्रात तिथेच मिटला.

या शब्दाला पुरातत्त्वाचीही जोड आहे. चाकाचे सर्वांत जुने पुरावे इ.स.पू. ३५०० च्या आसपासचे. मूळ भाषेत चाकाला शब्द असेल, तर ती बोलणाऱ्यांना चाक माहीत होतं आणि भाषा त्यानंतर केव्हातरी फुटली. मूळ भाषेच्या काळाचा अंदाज बांधताना या दुव्यावर बरीच भिस्त असते.

ग्रीकच्या वाटेने तोच शब्द 'क्युक्लोस' झाला, उत्तरकालीन लॅटिनमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत 'सायकल' म्हणजे आवर्तन या अर्थाने आला. एकोणिसाव्या शतकात दोन चाकांचं वाहन निघालं, फ्रेंचांनी 'बाय' जोडून त्याचं नाव केलं, इंग्रजीने ते घेतलं. योगाबरोबर 'चक्र' संस्कृतातून इंग्रजीत गेला तो आणखी वेगळा. घरचा 'व्हील', ग्रीकमार्गे 'सायकल', संस्कृतमार्गे 'चक्र': इंग्रजीकडे एकाच शब्दाच्या तीन प्रती आहेत. मराठीकडेही तीनच, चक्र, चाक आणि सायकल.

उसना शब्द असेल तर: 'शुगर'

उसन्या शब्दाचा तपास निराळा. इथे ध्वनिनियमांइतकंच वस्तूच्या प्रवासाला महत्त्व. शब्द एकटा फिरत नाही, कुणाच्या तरी गलबतावर, कुणाच्या तरी गोणीतून येतो.

'शुगर' इंग्रजीत तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, जुन्या फ्रेंच 'सुक्र'वरून. मधल्या काळातली लॅटिन 'सुक्कारुम', त्यामागे अरबी 'सुक्कर', त्यामागे फारसी 'शकर', त्यामागे भारत: संस्कृत 'शर्करा', प्राकृतात 'सक्करा', 'सक्खरा'. आपली 'साखर' या 'सक्खरा'चीच, 'चाक'च्याच नियमाने आलेली. ऊस आणि साखर करण्याची विद्या इराणमार्गे अरबांकडे आणि अरबांकडून सिसिली-स्पेनपर्यंत गेली, त्या वाटेशी शब्दांची साखळी तंतोतंत जुळते. अशी जुळणी झाली की व्युत्पत्ती भक्कम समजायची.

वाटेतले ठसेही शोधता येतात. अरबीत नामाआधी 'अल्' लागतो आणि 'स'पुढे त्याचा 'अस्' होतो. स्पॅनिश 'असुकार' आणि पोर्तुगीज 'असुकर' यांत तो 'अ' चिकटून आला, कारण तिथे लोकांनी बोलता बोलता अरबांकडून शब्द घेतला. इटालियन 'झुक्केरो', फ्रेंच 'सुक्र' आणि इंग्रजी 'शुगर' यांत तो नाही. म्हणजे इंग्रजी शब्दाची वाट स्पेनमधून गेलेली नाही. एक गाठ मात्र सुटलेली नाही. फ्रेंचमध्ये 'क' असताना इंग्रजीत 'ग' का, याचं समाधानकारक उत्तर कोशकारांकडे नाही. वहीत तशी नोंद करायची, ओढूनताणून उत्तर द्यायचं नाही.

याच शब्दाच्या आडवाटाही बघून घ्याव्यात. प्राचीन ग्रीकांनी 'साक्खारोन' असा वेगळा घेतला होता, त्यावरून १८७९ मध्ये सापडलेल्या कृत्रिम गोडीला 'सॅकरिन' म्हणाले. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी मल्याळम 'चक्करा', कन्नड 'सक्करे' ऐकून 'जागरा' केलं आणि त्यातून इंग्रजीत गुळाला 'जॅगरी' नाव मिळालं. म्हणजे इंग्रजीत साखर आणि गूळ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. 'कँडी'सुद्धा अरबी-फारसी 'कंद'मार्गे बहुतेक संस्कृत 'खंड'पर्यंत पोचतो. जुन्या इंग्रजी वाण्याच्या दुकानातली 'शुगर कँडी' म्हणजे आपली खडीसाखर, वस्तूने आणि शब्दांनीही. 'शर्करा'चा मूळ अर्थ वाळूचे कण, बारीक खडे. तेव्हा 'खडीसाखर' या शब्दात खड्यांवर खडे आहेत.

अर्थ कसा सरकला तेही लिहा

रूप जुळलं आणि अर्थ जुळला नाही, तर मधल्या पायऱ्या दाखवता आल्या पाहिजेत. 'नाइस' लॅटिन 'नेस्कियुस'वरून, अर्थ अडाणी. इंग्रजीत आला तेव्हा 'मूर्ख', मग 'नको तितका चोखंदळ', मग 'काटेकोर', आणि अठराव्या शतकात 'छान'. प्रत्येक पायरीचे उतारे उपलब्ध आहेत, म्हणून यावर विश्वास बसतो. संस्कृतात 'साहस' म्हणजे बळजबरी, दंडनीय गुन्हा. मराठीत साहसाला पुरस्कार मिळतात. सुरुवात आणि शेवट एवढंच माहीत असेल आणि मधलं काहीच नसेल, तर दावा करू नये.

फसवे सारखेपण आणि रंजक गोष्टी

'बदनाम' हा फारसीतून आलेला शब्द फोडून पाहा. 'नाम' खरोखर इंग्रजी 'नेम'चा भाऊबंद: संस्कृत नामन्, लॅटिन नोमेन, ओल्ड इंग्लिश 'नामा'. 'बद' मात्र 'बॅड'चा कुणीही नाही. मागे गेलं की उलगडतं. फारसी 'बद' त्याआधीच्या मध्य फारसीत 'वद' होता आणि इंग्रजी 'बॅड' साधारण तेराव्या शतकात उगवतो. जितकं मागे जावं तितकी रूपं लांब लांब जातात. खऱ्या भाऊबंदांचं नेमकं उलट होतं, मागे जावं तसे ते जवळ येतात. संशय आला की ही एक कसोटी लावावी.

दुसरा सापळा आद्याक्षरांचा. 'पॉश' हा शब्द मुंबई-इंग्लंड बोटींच्या तिकिटांवरून आला म्हणतात: इंग्लंडहून जाताना डावीकडची, परत येताना उजवीकडची, सावलीतली महागडी खोली, म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', त्याची चार आद्याक्षरं. गोष्ट झकास आहे आणि मुंबईचं नाव असल्याने आपल्याला गोडही लागते. पण तशी छापलेली तिकिटं सापडलेली नाहीत आणि शब्द वापरात आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ही कथा छापून आली. विसाव्या शतकापूर्वी आद्याक्षरांतून रोजचा शब्द घडणं फारच विरळा. व्युत्पत्तीत कुणी आद्याक्षरं सांगू लागलं की आधी तारीख विचारावी.

निकाल लागत नाही तेव्हा: 'टँक'

काही शब्दांवर कोशकारांचंच एकमत नसतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेले इंग्रज पाण्याच्या तलावाला, हौदाला 'टँक' लिहू लागले. एक मत असं, की हा गुजराती 'टांकुं', मराठी 'टाकें' यांवरून आला. दुसरं मत, पोर्तुगीज 'तांके'वरून. पाणी अडवणं या अर्थाचं क्रियापद त्यांच्याकडे होतं आणि स्पॅनिशमध्येही तळ्याला 'एस्तांके' म्हणतात. मग आपलं टाकं पोर्तुगीजांकडून आलं का?

गडावरची खडकात खोदलेली टाकी पाहिलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. पाथरवटाच्या छिन्नीलाही 'टाकी'च म्हणतात, संस्कृत 'टंक', तेव्हा टाकीने खोदलं ते टाकं, हा तर्क जिभेवर येतोच. मलाही तो आवडतो. पण आवड हा पुरावा नव्हे. पुरावा हवा तो १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला येण्याआधीच्या गुजराती-मराठी लिखाणातला. लेण्यांतल्या प्राकृत लेखांकडे धाव घ्यावी, तर कान्हेरी-जुन्नरला अशा हौदाला 'पोढी' म्हटलेलं आढळतं. त्याने 'टाकें' जुना नाही असं ठरत नाही, फक्त हा साक्षीदार कामाचा नाही एवढंच कळतं. हिशेब असा मांडावा: इंग्रजी शब्द भारतात उचलला गेला हे नक्की; देशी आणि पोर्तुगीज शब्दांनी एकमेकांना बळ दिलं हे संभवनीय; दोघांत आधी कोण, हे वादग्रस्त. रणगाड्याचा अर्थ तेवढा स्वच्छ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी नव्या यंत्राचं गुपित राखायला त्याला पाण्याची टाकी म्हटलं आणि सप्टेंबर १९१६ मध्ये ते रणांगणावर उतरलं तेव्हा नाव चिकटलेलं होतं.

वहीत लिहायचं कसं

प्रत्येक शब्दाला एक पान द्यावं. वर आजचं रूप, खाली एकेक पायरी: भाषा, रूप, अर्थ, शतक. प्रत्येक पायरीपुढे 'नक्की', 'संभवनीय' किंवा 'वादग्रस्त' यांपैकी एक शेरा. वंशज दाखवायला सरळ रेघ, भाऊबंद दाखवायला आडवी. बांधलेल्या रूपाला फूल विसरू नये. दोन कोशांत तफावत असेल तर दोन्ही मतं लिहावीत आणि कुणाचं मत आहे तेही.

सरावाला हे शब्द घ्या. 'ऑरेंज': नारंगातला 'न' नेमका कुठल्या भाषेत गळला ते शोधा. मग 'एप्रन', त्याचाही 'न' गेला आहे, पण वेगळ्या तऱ्हेने, इंग्रजी 'अ' आणि 'अ‍ॅन'च्या घोळात. 'कॅश': इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, एक फ्रेंच, एक तमिळ. 'पंच' हे पेय: पाच जिनसांवरून 'पंच' ही गोष्ट प्रसिद्ध आहे, तिला तारखांची कसोटी लावा. आणि 'मंगूस'. इंग्रजी कोश मराठी मुंगसाचं नाव घेतात, पण तिथे थांबू नका. तेलुगू-कन्नडमधली रूपं काढा आणि मराठीनेच तो शब्द दक्षिणेकडून घेतला का ते तपासा.